खांबामागची खुर्ची

३ ऑगस्ट
आज साइट सुरू झाली. नाव 'खर्र खर्र'. आमच्या फुटबॉल क्लबच्या बिल्ल्यावर करवत आहे, कारण क्लब लाकडाच्या वखारीतल्या कामगारांनी काढला होता. गोल झाला की सगळं मैदान घशातून खर्र खर्र आवाज काढतं. नवख्याला वाटतं साथीचा खोकला आलाय. बायकोने नाव वाचलं आणि विचारलं, "अहो, ही घोरण्याबद्दलची साइट आहे का?"

हसू दे. दिवसभर औषधाच्या दुकानात उभा राहून मी लोकांना जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगतो. आता आठवड्यातून एकदा तरी माझं ऐकून घेणारे लोक असतील. साइटवर एक लाल चौकट केली आहे, तिचं नाव 'दुरुस्ती'. काही चुकलं की त्याच दिवशी तिथे कबूल करायचं. औषधवाल्याची सवय, चूक ठेवून झोप लागत नाही.

एक प्रश्न होता खुर्चीचा. बाबांनी घेतलेल्या दोन खुर्च्या अजून माझ्या आणि दादाच्या नावावर आहेत, दर सहा महिन्यांनी पैसे भरून नोंदणी नवी करायची. त्यातली एक बरोबर छपराच्या लोखंडी खांबामागे. तिथून डावीकडचा गोल दिसतच नाही. म्हणून लहानपणापासून नियम, हाफ टाइमला जागा बदलायची. आता मला मॅचचा वृत्तांत लिहायचा म्हणजे दोन्ही हाफ मोकळी खुर्ची हवी. दादा भांडेल म्हणून मी घरून मुद्दे तयार करून गेलो होतो. तो म्हणाला, "घे की. मला खांब चालतो." मुद्दे वाया गेले.

११ ऑगस्ट
पहिला वृत्तांत टाकला. कोणी किती पास दिले, कॉर्नर किती, चेंडू कोणाकडे किती वेळ, सगळं. एकूण वाचक दोन. त्यातला एक मी, दुकानातल्या कॉम्प्युटरवरून.

१ सप्टेंबर
पान ओकंबोकं दिसतं. दादाला म्हटलं, "तूही काहीतरी दे ना. खांबामागून काय दिसतं ते लिही." माझ्या डोक्यात गंमत होती, चार ओळींची. त्याने फोनवर बोलून पाठवलं. टाइप करायचं मीच. मोठा भाऊ तो, त्याची बोटं झिजतील.

जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण पुढे काय झालं ते या कागदालाही कळायला हवं:

"आज आपला गोलकीपर पूर्ण हाफ शिव्या देत होता, म्हणजे बचाव ठीक चालला होता. तो गप्प झाला की मला धास्ती वाटते. आपल्या स्ट्रायकरची, लांबूची, किक दार आपटल्यासारखी वाजते. आज दोनदा वाजली, दोन्ही वेळा मागून 'अरेरे' आलं. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट आणि संघ सारखेच, बंद पडायच्या आधी आवाज बदलतो. आपला आवाज शेवटच्या दहा मिनिटांत बदलला होता. ज्यांना सगळं दिसत होतं त्यांना ते गोल झाल्यावर कळलं."

शेवटचं वाक्य कोणाला उद्देशून होतं ते मला कळत नाही असं त्याला वाटतं का?

८ सप्टेंबर
माझ्या वृत्तांताखाली एक प्रतिक्रिया: "तारीख चुकली आहे." दादाच्या खाली रांग लागली आहे. "काका, रडवलंत." "पुढचा भाग कधी?" एकाने तर लिहिलंय की तो मुद्दाम डोळे मिटून मॅच ऐकणार आहे. ऐक बाबा. तिकिटाचे पैसे बघण्याचे घेतात.

तारखेची दुरुस्ती टाकली.

२९ सप्टेंबर
आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थ आता कळतोय.

काल मैदानावर दोन अनोळखी माणसं आली. मला वाटलं, आलं कोणीतरी आपल्याला ओळखत. मी हात पुढे केला. ते म्हणाले, "जरा सरकता का? दादांबरोबर फोटो काढायचाय." मी सरकलो. फोटो त्यांनी मलाच काढायला लावला. दादा खांबाला टेकून हसत होता, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच. प्रसिद्ध माणसं अशीच बघतात.

घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय." मी म्हटलं, मी औषधवाला आहे, पोटात दुखलं तर मला कळेल. दुखतंयच. या वहीत खोटं कशाला लिहू?

वर त्याला बढतीही मिळाली. वहिनी सांगत होत्या, आता त्याला लिफ्टच्या खड्ड्यात उतरावं लागत नाही, ऑफिसात बसून फोन घेतो. चेहरा मात्र असा केला होता की जणू संकट कोसळलंय. लोकांनी जळू नये म्हणून काही बायका असा चेहरा करतात.

१३ ऑक्टोबर
दादाने आज मला भर रस्त्यात ओळख दिली नाही. तो आणि वहिनी समोरच्या फुटपाथने चालले होते, वहिनींचा हात धरून, लग्न आत्ताच झाल्यासारखे. मी हात हलवला. वहिनींचं लक्ष दुकानांकडे होतं. तो नाकासमोर बघत सरळ निघून गेला. मी हात केसांवरून फिरवला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हात त्यासाठीच वर केला होता.

त्याहून पुढची गोष्ट. दोघं कुठे शिरले? चौकातल्या औषधाच्या दुकानात. सख्खा भाऊ औषधं विकतो आणि हा त्या चौकातल्याकडे जातो! फोन करून सरळ विचारलं. म्हणाला, "तिथे गाडी लावायला जागा असते रे." गाडी तर त्याने उन्हाळ्यात विकली. मला काय दूधखुळा समजतो?

२७ ऑक्टोबर
आज अंगाचा तिळपापड झाला. दादा चहाला आला होता. हिने कप पुढे ठेवला, त्याने बाजूलाच हात नेला, कप लवंडला. टेबलावरचा माझा छापून काढलेला वृत्तांत भिजला. नेमका तोच. "अरे, सॉरी," म्हणाला, आणि जाताना दारात थांबून, अगदी हळू आवाजात, "धाकट्या, एकदा डोळे तपासून घे ना. मी गंभीरपणे सांगतोय. उशीर नको करू."

म्हणजे माझे डोळे! गेल्या वृत्तांतात मी एका कॉर्नरला गोल किक म्हटलं होतं, त्यावर हा टोमणा. दुरुस्ती टाकली होती मी. पण थोरल्यांना धाकट्याची एक चूक सापडली की वर्षभर पुरते. खांबामागे बसणारा माणूस मला डोळे तपासायला सांगतो.

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच. "गेलास का डॉक्टरकडे?" मी म्हटलं, "मला सगळं स्वच्छ दिसतं. सगळं." या 'सगळं'वर जोर दिला.

१० नोव्हेंबर
क्लबचं पत्र आलं. मॅचच्या दिवशी वाटतात त्या पुस्तिकेत त्यांना 'खर्र खर्र'मधलं काहीतरी छापायचं आहे. पत्र माझ्या नावाने. दुकानात गिऱ्हाईकासमोर उघडलं आणि आनंदाने त्याच्या गोळ्या पिशवीत दोनदा भरल्या. मग दुसरी ओळ वाचली. दादाचं 'खांबामागून' हवंय.

साइट कोणाची? रात्रंदिवस खपतंय कोण? त्याची बडबड टाइप कोण करतो, त्यातले 'अं' आणि 'म्हणजे' कोण काढतो?

१७ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला आणि खरी गोष्ट लक्षात आली. यात दादाचं काही नाही, सगळी करामत खांबाची आहे. अर्धं झाकलं की कोणीही गमतीदार लिहील. आणि सगळं समोर दिसत असलं की पास मोजावे लागतात. तेव्हा जागा बदलायची. मी खांबामागे, तो मोकळ्या खुर्चीत, आणि पूर्ण वृत्तांत त्याने लिहायचा.

ही म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी दादाकडे जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मी नको रे. मला ते जमायचं नाही."

"का? पुस्तिकेत छापून येणाऱ्या माणसाला एक साधा वृत्तांत जमत नाही?"

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. "भावोजी, राहू दे ना. त्यांना खांबच बरा."

"सगळ्यांना तो बरा वाटायला लागलाय, वहिनी. मलाही बसून बघू द्या."

दादा टेबलाची कड चाचपत बसला. मग म्हणाला, "बरं. एक मॅच." मला वाटलं होतं जिंकल्याचा आनंद होईल. तसा झालाही, जिना उतरेपर्यंत.

२४ नोव्हेंबर
काल जे झालं ते नीट लिहितो.

आमचा एक बचावपटू आहे, त्याला भिंत म्हणतात. नऊ वर्षं आमच्याकडे खेळतोय आणि एकही गोल नाही. साइटच्या कोपऱ्यात मी कायमची पाटी लावली आहे, 'भिंतीचे गोल: शून्य'. कल्पना दादाची. भिंत हा त्याचा सगळ्यात लाडका. तो म्हणतो, भिंतीने गोल केला तर मी लिफ्टमध्ये नाचेन.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर, डाव्या गोलसमोर झुंबड. मी खांबामागे, मला लोखंडाशिवाय काही दिसत नव्हतं. आणि खर्र खर्र सुरू झालं. गोल. दादा मोकळ्या खुर्चीत. त्याने माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, "कोण?"

तेवढ्यात खांबाच्या पलीकडून भिंत बाहेर आली. दोन्ही हात पसरून विमानासारखी पळत, मागे अख्खा संघ. मोठी माणसं खुर्च्यांवर उभी राहून हसत होती. गोल त्याचाच होता, त्याच्या गुडघ्याला लागून गेलेला, हे नंतर ऐकलं. पण कोणाचा ते मला तिथेच कळलं होतं.

मी थोडा थांबलो आणि म्हणालो, "तूच बघ. तुझी खुर्ची आहे."

मग लाऊडस्पीकर खरखरला आणि गोल लांबूचा म्हणून जाहीर झालं. झुंबडीत निवेदकाचा गोंधळ झाला असणार. संध्याकाळी क्लबने बदललं, पण दादाचा वृत्तांत त्याआधीच आला: "लांबूने गोल केला. लोक इतके का हसत होते ते कळलं नाही."

मी हे टाइप केलं. हाताखाली चूक होती, समोर लाल चौकट होती. आणि मी आहे तसं टाकून दिलं. नाव मोठ्या अक्षरात, 'दादा'.

२५ नोव्हेंबर
अपेक्षेप्रमाणे तुटून पडले. "दादा, मॅच बघितली का झोपला होता?" "नऊ वर्षं वाट बघितली आणि तुम्ही तो लांबूला दिलात." "खांबामागे जा परत." भिंतीच्या बायकोनेही लिहिलं, फक्त एवढंच: "गोल माझ्या नवऱ्याचा होता."

दुपारपर्यंत मजा वाटली. नंतर तिचं वाक्य परत परत डोळ्यासमोर यायला लागलं. दुरुस्ती अजून टाकलेली नाही. उद्या टाकतो.

२६ नोव्हेंबर
दुरुस्ती टाकली. 'भिंतीचे गोल: एक' केलं. दादाला फोन केला, उचलला नाही.

१ डिसेंबर
काल दादा मैदानावर आला नाही. बाबा गेले त्या वर्षीही आला होता. मी मोकळ्या खुर्चीत बसलो. बाजूची खुर्ची रिकामी, आणि पुढच्या रांगेतले म्हातारे काका दर पाच मिनिटांनी मागे वळून विचारत होते, "थोरले कुठेत?" जिंकलो की हरलो ते घरी येऊन साइटवर बघायला गेलो, आणि साइट तर माझीच.

वहिनींचा निरोप आला. खुर्च्या नव्या करायची मुदत महिनाअखेरची. दादाने सांगितलंय, त्याची खुर्ची सोडून द्यायची. कोणाला हवी असेल तर देऊन टाक.

बाबांची खुर्ची. एवढंसं चुकलं म्हणून कोणी असं करतं? रुसवा तरी किती.

पण हेही लिहितो. तो फक्त रुसला असता तर भांडला असता. आम्ही भांडणारी माणसं आहोत.

९ डिसेंबर
दुकानात चौकातल्याचा फोन आला. आम्हा दुकानदारांत एकमेकांकडून माल उसना घ्यायची पद्धत आहे, वैरी असलो तरी. म्हणाला, "तुमच्याकडे काचबिंदूचे थेंब आहेत का, फ्रिजमधले? आमचा पुरवठा अडकलाय. पेशंटला एक दिवसही चुकवून चालत नाही. एक बाटली उसनी द्या."

मी म्हटलं, आहे, माणूस पाठवा.

तो म्हणाला, "माणूस कशाला, तुम्हीच पोचवा ना. पेशंट तुमचे थोरले बंधूच आहेत. मला वाटलंच होतं, घरचं दुकान सोडून इथे का येतात म्हणून. असेल काही."

फ्रिजचं दार मी उघडं धरून उभा राहिलो, तो पीं पीं करायला लागेपर्यंत.

काचबिंदूत कडेचं आधी जातं. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. बाजूचा कप दिसत नाही. समोरच्या फुटपाथवर हलवलेला हात दिसत नाही. गाडी विकावी लागते, खड्ड्यात उतरता येत नाही. वाचवत नाही, म्हणून बोलून पाठवावं लागतं. सगळं माझ्या समोर होतं, आणि मी प्रत्येक गोष्टीवर जळत बसलो होतो.

१० डिसेंबर
बाटली घेऊन गेलो. वहिनींनी दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी बघितली आणि बाजूला होऊन मला आत घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा बराच आधी गेला," दादा म्हणाला. "उजव्यात मधलं दिसतं. नळीतून बघितल्यासारखं. आत्ता तुझं नाक दिसतंय, कान नाहीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू हात धरून मला पायऱ्यांवरून उतरवलं असतंस. सगळ्या मैदानासमोर. खांबामागे बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, तुला काय दिसलं. माझं तिथे मस्त चाललं होतं रे."

मी म्हटलं, "दादा, तो गोल भिंतीचा होता हे मला माहीत होतं. तरी टाकलं."

"तू काहीतरी लपवतोयस हे मला तिथेच कळलं. मी 'कोण' विचारलं तेव्हा तू थांबलास. तुझा आवाज बदलला होता." त्याने बाटली हातात फिरवली. "तुझा राग नाही आला एवढा. भिंतीचा गोल झाला आणि मी शेजारी बसून लांबू म्हणालो, त्याचं वाईट वाटलं. नऊ वर्षं, धाकट्या."

मी रडलो. लिहायला लाज कसली. तो मला थोपटत होता, पहिल्यांदा हात चुकून खुर्चीच्या पाठीवर पडला.

मग एकदम मोठ्याने म्हणाला, "आणि तुला कितीदा सांगितलं, डोळे तपास म्हणून? सख्ख्या भावंडांत येतं हे. डॉक्टरने पहिल्या दिवशी विचारलं होतं, भाऊ आहे का? तू औषधवाला ना? आता अक्कल गहाण टाकलीस का?"

१३ डिसेंबर
डॉक्टरीण बाई म्हणाल्या, डोळ्यांतलं प्रेशर वाढलेलं आहे, नुकसान अजून झालेलं नाही, थेंब आजपासून. "बरं झालं वेळेत आलात. त्रास काहीच नसताना कसे आलात?" मी म्हटलं, भाऊ मागे लागला होता. दीड महिना मी त्याला टोमणा समजत होतो, हे नाही सांगितलं.

बाटली माझ्याच दुकानातून, माझ्याच फ्रिजमधून. दोन्ही खुर्च्या नव्या केल्या. दादाला विचारलं नाही, कळवलं.

२२ डिसेंबर
काल दोघं गेलो. पायऱ्यांवर मी हात धरला नाही, फक्त एक पायरी पुढे चाललो आणि मोठ्याने बडबडत राहिलो, म्हणजे त्याला मी कुठे आहे ते कळावं. पहिला हाफ तो खांबामागे. मी सांगत होतो, आता भिंतीकडे, आता डावीकडे, आता गेला बाहेर. तो म्हणाला, "जरा कमी बोल, मला मॅच ऐकू येत नाही."

हाफ टाइमला तो उठला. "ऊठ. नियम म्हणजे नियम." मी खांबामागे, तो मोकळ्या खुर्चीत. कितीतरी दिवसांनी.

आणि त्याच हाफमध्ये गोल, डावीकडे. खर्र खर्रने छप्पर हललं. दादाने विचारलं, "कोण?" मी खांबाच्या दोन्ही बाजूंनी मान काढून म्हटलं, "कोण?" दोघांनी मिळून पुढच्या काकांना विचारलं. काका म्हणाले, "मी थर्मासमधून चहा ओतत होतो." लाऊडस्पीकरने लांबूचं नाव घेतलं. दादा म्हणाला, "या लाऊडस्पीकरवर माझा विश्वास नाही," आणि आम्ही तिघं असे हसलो की काकांचा चहा त्यांच्याच बुटात गेला.

वृत्तांत दोघांच्या नावाने टाकला, थोडं त्याचं, थोडं माझं. गोलबद्दल मी लिहिलं: "गोल झाला. दोन भाऊ आणि एक काका साक्षीला होते, आणि तिघांपैकी कोणीही तो पाहिला नाही. तरीही तो आम्ही केला असं आम्हाला वाटतंय."

आज दिवसभर प्रतिक्रिया येतायत. लोक तीच ओळ परत परत लिहून पाठवतायत. "दादा, काय ओळ आहे!" "ही दादांशिवाय कोणाला सुचणार नाही." क्लबनेही विचारलंय, पुस्तिकेत दादांची ती ओळ छापू का?

संध्याकाळी दादाला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ती तुझी ओळ आहे ना? मग सांग की त्यांना. तुझी चौकट आहे त्यासाठी."

चौकट उघडली. 'दुरुस्ती: वरील ओळ' एवढं टाइपही केलं. पोटात दुखत होतं, नेहमीसारखंच. मग ते पुसलं, चौकट बंद केली आणि क्लबला कळवलं, छापा.

थेंब घालायची वेळ झाली.